इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी अंक आणि संख्यांची नावे शिकवताना

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंतच्या संख्या इंग्रजीत न अडखळता वाचता येतात, बेरीज-वजाबाकीही जमते, आणि तरीही आजीने ‘सदुसष्ट रुपये दे’ म्हटले की ते आईच्या तोंडाकडे बघू लागते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला, त्यामुळे अशा मुलांच्या हातात मराठीचे पुस्तक आता लवकर येते. पण पुस्तकाची पाने मराठी अंकांत आणि बाकीचे सगळे जग इंग्रजी अंकांत, अशी त्यांची स्थिती असते. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर मराठी अंक डोळ्यांसमोर येण्याचे प्रसंगच कमी. हा लेख अशा पालकांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आहे, तसेच परगावी किंवा परदेशी आठवड्यातून एकदा भरणाऱ्या मराठी शाळांत नव्यानेच शिकवू लागलेल्या स्वयंसेवकांसाठीही आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मराठी अंक शिकवणे ही एक नव्हे, दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम ० ते ९ ही दहा चिन्हे ओळखण्याचे आणि लिहिण्याचे. ज्या मुलाला इंग्रजी अंक येतात त्याला एकक-दशक ही रचना आधीच समजलेली असते. तिथे फक्त चिन्हे बदलायची असतात, आणि रोज दहा मिनिटे दिली तर दोन-तीन आठवड्यांत हे काम होते. दुसरे काम शंभरपर्यंतच्या संख्यांच्या नावांचे. ते खरे कठीण आहे, त्याला महिने लागतात, आणि त्यात मुलाची हुशारी कमी पडते असे मुळीच नाही; मराठीतली ही नावे खरोखरच अवघड आहेत. बहुतेक घरांत ही दोन्ही कामे एकदम सुरू केली जातात. मूल ६७ या चिन्हांपाशी अडले आहे की ‘सदुसष्ट’ या शब्दापाशी, हे मग मोठ्यांना कळत नाही, आणि ‘याला मराठी आकडे जमतच नाहीत’ असा शेरा मारून विषय सोडून दिला जातो. म्हणून आधी चिन्हे, नंतर नावे, हा क्रम पाळावा. चिन्हे पक्की होईपर्यंत मुलाने ६७ हे इंग्रजीत वाचून दाखवले तरी ते बरोबरच धरावे.

पहिली पायरी: लिहिण्याआधी शोधणे

पहिल्या आठवड्यात पेन्सिल हातात देऊ नये. मुलाला अंक शोधायला सांगावे. यासाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे नोट. आपल्या दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे आणि पाचशे रुपयांच्या सध्याच्या नोटांवर किंमत इंग्रजी अंकांबरोबर देवनागरी अंकांतही छापलेली असते. एक नोट मुलापुढे ठेवून ‘यावर हीच संख्या दुसऱ्या प्रकारे कुठे लिहिली आहे, शोध बघू’ एवढेच म्हणावे. या सगळ्या नोटा मिळून ०, १, २ आणि ५ हे चार अंक ओळखीचे होतात, आणि किंमत आधीच ठाऊक असल्यामुळे अर्थ सांगत बसावा लागत नाही. मूल थोडे मोठे असेल तर नोटेच्या मागच्या बाजूला अनेक भाषांत लिहिलेल्या रकमेतली मराठी ओळही त्याला शोधू द्यावी.

बाकीचे अंक भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत सापडतात. तारखा एक ते एकतीसच असल्यामुळे तिथे दहाही चिन्हे येतात आणि संख्या फार मोठ्या होत नाहीत. रोज सकाळी आजची तारीख मुलाने बोटाने दाखवावी, हा नेम दोन महिने टिकला तर वेगळ्या सरावाची फारशी गरज उरत नाही. मराठी पुस्तकांचे पृष्ठक्रमांक, एसटीच्या गाड्यांवरच्या पाट्या, मुंबईत बेस्टच्या बसवर मराठीत झळकणारा मार्गक्रमांक, बाजारात भाजीच्या ढिगावर खोचलेली भावाची पाटी, हे सगळे वाचनसाहित्यच आहे. परदेशात असाल तर दिनदर्शिका भारतातून मागवावी. तेवढ्या काळापुरती घरातल्या एखाद्या फोनची भाषा मराठी करून ठेवली, तर अनेक फोनांत घड्याळाचे आकडेही देवनागरीत दिसू लागतात.

दुसरी पायरी: अंकांचे तीन गट

० पासून ९ पर्यंत ओळीने शिकवण्याची सवय मराठी माध्यमातल्या मुलांसाठी ठीक आहे, कारण त्यांची ही पहिलीच ओळख असते. ज्याच्या डोक्यात इंग्रजी अंक पक्के बसले आहेत त्याला मात्र याच क्रमाने शिकवले तर पहिल्याच दिवशी १ या अंकापाशी गोंधळ होतो, कारण त्याच्या दृष्टीने तो चक्क नऊ असतो. म्हणून आकारांच्या साम्यावरून गट करावेत.

पहिला गट ०, २ आणि ३ यांचा. हे तिन्ही इंग्रजी अंकांशी इतके मिळतेजुळते आहेत की मूल ते न शिकवताच वाचते. त्यांच्यापासून सुरुवात केली की ‘हे मला येते’ असा विश्वास येतो, आणि २३, ३०, ३२, २२ अशा दोन अंकी संख्या पहिल्याच दिवशी वाचून होतात.

दुसरा गट ५, ६, ८ आणि ९ यांचा. या अंकांचे आकार मुलाला नवे असतात, पण नवे असणे ही अडचण नव्हे; नव्या चिन्हाला नवी ओळख मिळते आणि ती सहसा टिकते. ५ हा काही मुलांना हाताने लिहिलेल्या, डोके उघडे असलेल्या इंग्रजी चारासारखा वाटतो, तेवढ्याकडे लक्ष ठेवावे.

तिसरा गट १, ४ आणि ७ यांचा, आणि सगळा वेळ इथे द्यायचा आहे. १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ हा आठसारखा आणि ७ हा सहासारखा. मूल येथे चुकते ते न येण्यामुळे नव्हे, फार चांगले येत असल्यामुळे: डोळा ओळखीचा आकार टिपतो आणि जुने उत्तर तोंडातून निघून जाते. ‘नीट बघ’ असे पुन्हा पुन्हा सांगून याचा उपयोग होत नाही. दोन्ही चिन्हे शेजारी-शेजारी मोठी काढून फरक मुलालाच शोधू द्यावा. इंग्रजी आठ वरखाली दोन्हीकडे मिटलेला असतो. ४ ला खाली एकच गाठ असते आणि वरची दोन टोके उघडी असतात. एकदा मुलाने स्वतःच्या तोंडाने ‘याचे डोके उघडे आहे’ असे म्हटले की ती खूण त्याची होते, आणि आपण सांगितलेल्या खुणेपेक्षा ती जास्त दिवस टिकते. या गटातला एक अंक पक्का झाल्याशिवाय दुसरा घेऊ नये.

एवढ्यात मूल हमखास विचारते की आकडे दोन प्रकारचे का असतात. याचे उत्तर टाळू नये, कारण ते रंजकही आहे आणि उपयोगीही. ज्यांना आपण सवयीने इंग्रजी अंक म्हणतो ते मूळचे भारतातलेच आहेत. ते अरबांमार्फत युरोपात गेले आणि वाटेत त्यांचे आकार बदलले. आपल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदातही त्यांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असेच म्हटले आहे. जुन्नरजवळ नाणेघाटातल्या सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेखात दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक कोरलेले आहेत. तिथे शून्य नाही आणि दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हे आहेत. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ. स. ८७६ च्या लेखात मात्र २७० ही संख्या आपण आज लिहितो तशीच शून्यासह, स्थानिक किमतीने लिहिलेली आढळते. २ आणि ३ दोन्हीकडे सारखे का दिसतात, याचे कारण या समान मुळात आहे. पुणे-जुन्नर परिसरात राहणाऱ्यांनी पावसाळा सरल्यावर मुलांना नाणेघाटात जरूर न्यावे. भिंतीवरचे अंक प्रत्यक्ष पाहिल्यावर ‘हे आपले आहेत’ हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी पायरी: लिहिणे

प्रथम वहीत लिहू नये. मोठ्या ताटात रवा किंवा बारीक वाळू पसरून त्यात बोटाने अंक काढावेत. पूर्वी धूळपाटीवर हेच होत असे. बोटाने काढताना संपूर्ण हात फिरतो, वळण अंगात बसते, आणि चुकलेला अंक ताट हलवताच नाहीसा होतो, त्यामुळे खोडरबराची कटकट राहत नाही. ४ काढताना वर डावीकडून सुरुवात करून तिरपे खाली यावे, खाली गाठ घ्यावी आणि मधली रेघ छेदून वर उजवीकडे जावे. बोट मध्ये उचलायचे नाही. मोठ्यांनी एकदा सावकाश काढून दाखवावे, दुसऱ्यांदा मुलाचे बोट धरून काढावे आणि तिसऱ्यांदा नुसते बघत बसावे.

३ आणि ६ हे अंक एकाच दिवशी शिकवू नयेत, कारण ते जवळजवळ एकमेकांची आरशातली रूपे आहेत. ३ ची पोटे उजवीकडे, ६ ची डावीकडे. ३ पक्का झाल्यावर मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्यावेत आणि मग ६ घ्यावा. १ आणि ९ यांतही गाठीची बाजू बदलते, तेव्हा तीच काळजी तिथे घ्यावी. सात वर्षांच्या आतल्या मुलाने अंक उलटा काढला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. इंग्रजी अक्षरांतही ही मुले तसे करतात आणि बहुतेकांची ही सवय सरावाने आपोआप जाते.

ताटातून वहीवर येताना चौकटीची गणिताची वही घ्यावी आणि सुरुवातीला चार चौकटींत मिळून एक अंक काढू द्यावा. एका बैठकीत एका अंकाची एक ओळ पुरे. पानभर ७ लिहायला लावले तर दुसऱ्या ओळीपासून हात थकतो, वळण बिघडते आणि मूल त्या बिघडलेल्या वळणाचाच सराव करत राहते. ओळ झाल्यावर ‘यातला सगळ्यांत चांगला कोणता, त्याला गोल कर’ असे सांगावे. मूल स्वतःच्या अक्षराकडे बारकाईने पाहू लागते ते अशाने.

सरावासाठी तयार पाने उतरवून घेणार असाल तर ती मराठीसाठी केलेली आहेत की हिंदीसाठी, हे आधी पाहावे. देवनागरी लिपी एकच असली तरी ५, ८ आणि ९ यांची वळणे सर्वत्र एकसारखी नाहीत, आणि हिंदी पानांवर काही वेळा मुलाच्या पाठ्यपुस्तकाहून निराळी रूपे असतात. पुढे दोन्ही रूपे वाचता यावीत हे उत्तमच, पण शिकताना एकच रूप समोर असावे.

चौथी पायरी: ‘दोनावर पाच पंचवीस’

चिन्हे आली की नावांकडे वळायचे, आणि इथे थोडे थांबून अडचण समजून घ्यायला हवी. आपण २५ लिहितो तेव्हा दोन आधी येतात, पण म्हणतो तेव्हा पाच आधी येतात: पंच-वीस. इंग्रजीत वीसच्या पुढे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच असल्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या मुलाने ऐकलेल्या क्रमाने लिहिणे अगदी स्वाभाविक आहे. ‘पंचवीस’ ऐकून ते ५२ लिहिते. हा निष्काळजीपणा नव्हे. उलट ते शब्द नीट ऐकत असल्याची ही खूण आहे.

याच अडचणीवरून २०१९ साली महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी, दशक आधी म्हणण्याची पद्धत आली आणि त्यावर राज्यभर टीका झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन करताना, जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची नावे लहान मुलांना जड जातात, असे सांगितले होते. माझे मत असे आहे की ‘वीस पाच’ हा चढण्याचा टप्पा म्हणून फार उपयोगी आहे. मात्र मूल तिथेच थांबले तर आजीशी, भाजीवाल्याशी आणि एसटीच्या कंडक्टरशी त्याचे बोलणे होणार नाही. म्हणून टप्पा वापरावा आणि पुढे जावे.

पुढे जाण्याचा मार्ग आपल्या जुन्या उजळणीत तयार आहे. ‘एकावर शून्य दहा, एकावर एक अकरा, एकावर दोन बारा’ ही उजळणी अनेकांनी लहानपणी तालावर म्हटलेली असेल. त्याआधीच्या पिढ्या शून्याऐवजी ‘पूज्य’ म्हणत, ‘एकावर पूज्य दहा’. ही नुसती घोकंपट्टी समजून आपण ती सोडून दिली, पण तिच्यात शिकवण्याची मोठी युक्ती आहे: ‘दोनावर पाच’ हा भाग लिहिण्याचा क्रम सांगतो आणि ‘पंचवीस’ हा भाग नाव सांगतो. डोळा, हात आणि कान यांची सांगड एकाच ओळीत घातली जाते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला नेमकी हीच सांगड हवी असते.

ती घालताना वस्तूंची जोड द्यावी. काड्यापेटीतल्या काड्या किंवा चिंचोके घ्यावेत. दहा-दहा काड्यांच्या जुड्या रबराने बांधून ठेवाव्यात. दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या मांडल्या की मुलाने क्रमाने तीन गोष्टी म्हणायच्या: ‘वीस पाच’, ‘दोनावर पाच’, ‘पंचवीस’. त्यानंतर २५ लिहायचे. काही दिवसांनी पहिला शब्द गाळावा, मग दुसरा. शेवटी नुसते ‘पंचवीस’ उरते.

चूक झाली की काय करावे, हेही याच पद्धतीत बसते. नातीने चोपन्न लिहायला सांगितल्यावर ४५ लिहिले आहे, असे समजा. आजीने ‘चूक’ म्हणू नये आणि उत्तरही सांगू नये.

‘हे काय लिहिलेस, वाचून दाखव बघू, कशावर काय?’

‘चारावर पाच.’

‘मग चारावर पाच म्हणजे किती?’

‘पंचेचाळीस... नाही, मला चोपन्न हवे होते. पाचावर चार.’

मुलाला स्वतःची चूक सापडण्याचे साधन मिळाले की दर वेळी मोठ्यांनी तपासण्याची गरज राहत नाही.

पाचवी पायरी: नावे कोणत्या क्रमाने घ्यावीत

एकापासून शंभरापर्यंत सरळ जाण्यापेक्षा अडचणीच्या क्रमाने जावे. आधी एक ते वीस पाठ करून घ्यावेत. अकरा ते अठरा यांना नियम शोधू नये, ती नावे आहेत तशी घ्यायची. त्यानंतर दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर हे टप्पे. दशके पक्की नसताना मधल्या संख्या सुरू केल्या तर सगळी इमारत डगमगते.

मग वीस आणि तीस यांची घरे घ्यावीत, कारण तारखांमुळे ती निम्मी ओळखीची झालेली असतात: एकवीस, बावीस, तेवीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस. मुलाला शेपटाकडे लक्ष द्यायला शिकवावे. शब्दाचे शेपूट दशक सांगते आणि तोंड एकक सांगते. ‘-वीस’ आणि ‘-तीस’ ही शेपटे दशकाच्या नावासारखीच आहेत, म्हणून सोपी. चाळीसच्या घरातही शेपूट तसेच राहते, फक्त मध्ये ‘ए’ येतो: एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. त्यानंतर पन्नास सोडून साठचे घर घेतलेले बरे, कारण तिथे ‘-सष्ट’ हे एकच शेपूट एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत न बदलता चालते. सत्तरचे ‘-हत्तर’ आणि ऐंशीचे ‘-ऐंशी’ हेही तसेच नियमित आहेत. तिथे जड जातात ती त्र्याहत्तर, चौऱ्याऐंशी यांसारखी जोडाक्षरे, आणि ती उच्चारून पक्की होतात, लिहून नव्हे. नव्वदच्या घरात शेपूट ‘-ण्णव’ होते: एक्याण्णव, ब्याण्णव.

पन्नासचे घर शेवटी घ्यावे. तिथे दोन शेपटे आहेत: एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न यांत ‘-वन्न’ आणि त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न यांत ‘-पन्न’. शिवाय ‘बावन्न’ आणि ‘ब्याण्णव’ कानाला इतके जवळचे आहेत की मोठी माणसेही फोनवर ते दुसऱ्यांदा विचारून घेतात. अशा जोड्या मुद्दाम शेजारी ठेवून म्हणून घ्याव्यात: बावन्न-ब्याण्णव, पस्तीस-पासष्ट, सदतीस-सदुसष्ट, अडतीस-अडुसष्ट.

तोंडांमध्ये सर्वांत जास्त रूपे बदलते ते सहाचे: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. ही एक ओळ वेगळी पाठ करून घ्यावी. ‘सहाची ओळ’ म्हणून मुले ती आवडीने म्हणतात. आजोबा ‘सदोतीस’ आणि शाळा ‘सदतीस’ म्हणत असेल, तर दोन्ही चालू द्यावे. घरातले रूप चुकीचे ठरवून मुलाला आजोबांची दुरुस्ती करायला शिकवू नये.

एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही मालिका स्वतंत्र घ्यावी. इंग्रजी माध्यमातले मूल ‘एकोणतीस’ ऐकून ३९ किंवा ३१ लिहिते, कारण त्याला शेवटी ‘तीस’ ऐकू येते. येथे अर्थ सांगणे आवश्यक आहे: एकोण म्हणजे एक उणे; तीसला एक कमी, म्हणून एकोणतीस. काड्यांच्या तीन जुड्या मांडून त्यातली एक काडी काढून घ्यावी आणि उरलेल्या काड्या मोजायला लावाव्यात. हे एकदा उमजले की एकोणनव्वदपर्यंतची आठही नावे एकदम हाती येतात. नव्याण्णव मात्र या नियमात बसत नाही; ‘एकोणशंभर’ असे आपण म्हणत नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ते तर्काने तेच म्हणेल आणि त्याचा तर्क बरोबरच असेल. मराठी शाळांत पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हे येतात, तिथे दहाच्या चिन्हाच्या डाव्या बाजूला एकाचे चिन्ह ठेवून नऊ लिहितात. ज्या मुलाला एकोणीस समजले आहे त्याला ‘आधी लिहिलेला एक वजा होतो’ हा रोमन नियम ओळखीचा वाटतो.

सहावी पायरी: खेळ आणि व्यवहार

पाठ झालेले वापरले नाही तर महिनाभरात विरून जाते. जाड पुठ्ठ्यावर दहा बाय दहा चौकटी आखून मराठी अंकांत सापशिडी घरीच तयार करावी, आणि अंक मुलानेच लिहावेत. शंभर अंक एका बैठकीत नव्हे, रोज एक ओळ. खेळताना नियम एवढाच ठेवावा की सोंगटी ज्या घरात जाईल त्याचे नाव मराठीत म्हणायचे. न आल्यास कोणीही मदत करावी, पण डाव गेला असे धरू नये. नाव चुकले म्हणून शिडी हुकली तर मूल खेळावरच रुसेल.

चार माणसे जमली की हाऊजी याहूनही चांगली. मराठी अंकांतल्या चिठ्ठ्या आणि नव्वदपर्यंतचे आकडे, पुकारणारे आजोबा किंवा आजी. येथे मुलाला नाव ऐकून चिन्ह शोधायचे असते, म्हणजे सापशिडीच्या नेमके उलट, आणि व्यवहारात लागते ते हेच. मूल नवखे असताना पुकारणाऱ्याने ‘सहावर सात, सदुसष्ट’ असे दोन्ही म्हणावे. सवय झाली की नुसते ‘सदुसष्ट’.

मराठी पाढेही याच काळात सुरू करावेत. ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा’ यांच्या तालात संख्यांची नावे न शोधता तोंडी येतात. सातच्या पाढ्यात एकोणपन्नास, छप्पन्न आणि त्रेसष्ट ही तीन अवघड नावे ओळीने येतात, आणि तो पाठ असलेले मूल ती कधी विसरत नाही. शाळेत पाढे इंग्रजीतून घेत असतील तरी दोनाचा, पाचाचा आणि दहाचा एवढे तरी मराठीतून घ्यावेत. त्यांनी गोंधळ होत नाही.

संख्या अक्षरी लिहिण्याची, म्हणजे ‘त्र्याहत्तर’ असे वहीत उतरवण्याची घाई अजिबात करू नये. ते भाषेचे काम आहे, जोडाक्षरे व्यवस्थित आल्यावरचे. ते आताच लादले तर संख्या येत असूनही मूल नापास झाल्यासारखे दिसते. चाचणी घ्यायचीच असेल तर तोंडी घ्यावी आणि दोन्ही दिशांनी घ्यावी: अंक दाखवून नाव विचारावे, नाव सांगून अंक लिहायला लावावे. बऱ्याच मुलांना पहिली दिशा आधी येते आणि दुसरी काही आठवड्यांनी.

शंभराच्या पुढे मराठी पुन्हा सोपी होते, कारण शेकडा आधीच म्हणतात: एकशे पंचवीस, तीनशे सोळा. नवीन शिकायचे उरते ते बाजारातले बोलणे. १५० हे ‘एकशे पन्नास’ म्हणून वाचता आले की काही दिवसांनी ‘दीडशे’ सांगावे, १२५ ला ‘सव्वाशे’, २५० ला ‘अडीचशे’, ३५० ला ‘साडेतीनशे’. याच्या सरावासाठी मुलाला पिशवी देऊन सोबत भाजीबाजारात न्यावे, भाव त्याला विचारू द्यावा, आणि भाजीवाल्या मावशी ‘पाव किलो पस्तीस’ म्हणाल्या की किती पैसे काढायचे ते त्यालाच ठरवू द्यावे.